कोनाड्यातला राउटर आणि शहापूरचे केबलवाले मामा

आधी हिशेब सांगते, कारण पोट त्याच्यावरच आहे माझं. घर पाहायचे ३०० रुपये, ३४ मीटर केबल २५ रुपयांनी ८५०, एक नवा राउटर २,१५०, जॅक-क्लिपा-पट्टी १५० आणि दोघांची मजुरी ८००. एकूण ४,२५०. याच्या आधीच्या चार महिन्यांत मी जे पैसे पाण्यात घातले ते वेगळे: एक रिपीटर (वायफाय पुढं पसरवणारं यंत्र) १,७०० चा, आणि वाढीव प्लॅनपायी महिन्याला साडेतीनशेप्रमाणे १,४००. म्हणजे ३,१०० रुपये देऊन नेट होतं तसंच राहिलं, आणि ४,२५० देऊन ते सुधारलं. हे ४,२५० घेणाऱ्या दुकानाबद्दल लिहायचं आहे.

दुकानाचं नाव घालू नका, अशी मालकांची विनंती आहे. "आधीच फोन खाली ठेवता येत नाही वैनी, आणि माणसं दोनच," असं ते म्हणाले. बेळगावातल्या शहापूरच्या खडे बाजाराला लागून एका बोळात दहा बाय आठची जागा. आत जुन्या सेट-टॉप बॉक्सांची चळत, भिंतीला केबलची वेटोळी आणि टेबलावर कायम अर्धा प्यालेला चहा. मालक पूर्वी केबल टीव्हीच्या लायनी ओढायचे, म्हणून आमच्याकडं सगळे त्यांना केबलवाले मामा म्हणतात. मला घेऊन गेला तो आमचा दीर. मी म्हटलं, टीव्हीवाला माणूस वायफायचं काय करणार? तर तो म्हणाला, "बघ तरी की एकदा. बघायला पैसे पडत नाहीत." पडले. ३००.

आता घर सांगायला पाहिजे, कारण सगळी भानगड घरातच होती. शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हाचं घर आमचं. मातीच्या लगद्यात बांधलेल्या दगडी भिंती, सोप्याची तर मोजून दीड फूट जाड. रस्त्यावरून आत आलं की सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मग परडं, आणि परड्याच्या टोकाला पत्र्याचं शेड. त्यात सासऱ्यांच्या वेळेपासून माग आहेत. सध्या दोन चालतात, दोन बंद आहेत. सोप्याच्या वर लाकडी माडी. माडीवर माझं ऑफिस: एक टेबल, एक लॅपटॉप आणि उद्यमबागेतल्या आणि गावातल्या मिळून बावीस गिऱ्हाइकांच्या जीएसटीच्या फायली. शेडमध्ये नवऱ्याचं टेबल. साडीचे फोटो व्यापाऱ्यांना पाठवायचे, व्हिडिओ कॉलवर रंग दाखवायचे, हे त्याचं काम तिथं चालतं. लेक पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला, तिचे क्लास माजघरात. आणि सासूबाईंची मालिका सोप्यात, संध्याकाळी साडेसात ते दहा, त्यात खंड नाही.

फायबर आलं तेव्हा जोडणीला आलेल्या पोरानं सोप्यातच राउटरची पेटी बसवली, कारण वायर रस्त्यावरून आत येते ती तिथंच. भिंतीत दारालगत एक कोनाडा आहे. पूर्वी त्यात दिवा ठेवायचे. पेटी त्यात अगदी मापात बसली, आम्हालाही बरं वाटलं. सासूबाईंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. आमच्या घरात मिक्सरपासून फोनपर्यंत सगळ्याला रुमाल आहे, राउटरनं काय पाप केलंय? पुढं दिवाळीच्या सफाईत लोखंडी कपाट सरकवलं, ते अर्ध्या कोनाड्यावर आलं. तेही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तक्रारी मात्र रोज. माडीवर रिटर्न भरताना पान फिरत बसायचं. जीएसटीआर-१ या रिटर्नची ११ तारीख आणि ३बी या दुसऱ्या रिटर्नची २० तारीख, या दोन दिवशी मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायची, कारण तिथं मोबाइलला रेंज बरी मिळते. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल परड्यात आला की गोठायचा. व्यापारी म्हणायचा, "काठ हिरवा की निळा ते तरी सांगा."

कंपनीला फोन केला. कन्नडला एक दाबा, हिंदीला दोन, इंग्रजीला तीन. मराठीला बटण नाही. बेळगावात जन्म गेला, कन्नड येतंच, त्यामुळं अडलं काही नाही, पण प्रत्येक वेळी एक सेकंद बोट थांबतं खरं. पलीकडच्या बाईंनी न बघता सांगितलं की तुमच्याकडं मोबाइल जास्त झालेत, १०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन पुरत नाही, २०० चा घ्या. घेतला. माडीवर आधी ४ एमबीपीएस यायचे, नंतरही ४ च. मग बाजारातल्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या पोरानं घर कसं आहे हे न विचारता रिपीटर हातात दिला, "माडीवर प्लगला लावा, झालं." लावला. मोबाइलवर चारही दांड्या भरून दिसायला लागल्या आणि स्पीड आला २. दांड्या पोटभर आणि नेट उपाशी, हा प्रकार तोवर मला माहीत नव्हता.

म्हणून मामांकडं गेले तेव्हा माझ्या डोक्यात आकडा ठरलेला होता. तीन पेट्यांचा मेश संच (वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून मिळून एकच वायफाय पसरवणाऱ्या पेट्या) घ्यायचा, साधारण १३,००० चा. पैसे काढूनच ठेवले होते. मामांनी चहाचा कप बाजूला केला आणि जुन्या बिलाची पाठ पुढं केली: "घर काढून दाखवा." मी चौकोन काढले. भिंत किती जाड, दार कुठं, वर लाकूड की स्लॅब, शेडला पत्रा की कौलं, लाइटची पायपं कुठून गेलीत, एवढं सगळं विचारलं. शेवटचा प्रश्न होता, पेटी कुठं आहे. मी म्हटलं, कोनाड्यात.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वैनी, कोनाड्यात दिवा ठेवला तर उजेड कुठं पडतो?"

समोर. फक्त समोर. लहानपणी खानापूरकडच्या माहेरी कोनाड्यातल्या चिमणीच्या उजेडात अभ्यास केलेली बाई मी, मला हे कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर पाहायला मामा आणि त्यांचा मदतनीस आले. पोरगा बैलहोंगलकडचा, वीस-एकवीसचा. दारातूनच त्याचा प्रश्न, "नेट स्लो ऐत्री, अक्का?" मराठी त्याला नीट कळतं, बोलताना अर्ध्यात कन्नडवर जातो. आमच्या सासूबाई उलट, त्यामुळं दोघांचं चांगलं जमलं.

पहिलं काम त्यांनी केलं ते मला अजून आवडतं. वायफायला हातच लावला नाही. माझा लॅपटॉप खाली आणायला लावला, पेटीला थेट केबल जोडली आणि स्पीड तपासला. १९६. म्हणजे रस्त्यावरून घरात येणारं नेट चोख होतं. तक्रार सांगण्याच्या आधी ही एक तपासणी मी स्वतः केली असती तरी प्लॅन वाढवण्याचा मूर्खपणा टळला असता. केबलनं पूर्ण आणि हवेतून कमी, तर दोष घरातला. केबलनंही कमी, तर कंपनीला फोन करा. एवढं साधं आहे, आणि चार महिन्यांत मला कुणी बोललं नाही.

मग मोबाइल हातात धरून मामा घरभर फिरले. त्यावर वायफायची ताकद सांगणारे उणे आकडे दिसत होते. सोप्यात पेटीसमोर उणे ४५, माजघरात उणे ७१, माडीवर उणे ७९, परडं ओलांडून शेडमध्ये उणे ८८, आणि पत्र्याच्या आत दार लावलं की गायब. उण्या आकड्यांची मला सवय आहे, पण हे जरा वेगळं गणित आहे. दहानं घसरलं की ताकद दहावा हिस्सा. म्हणजे उणे ५० ला रुपया असेल, तर उणे ६० ला दहा पैसे, उणे ७० ला एक पैसा आणि उणे ८० ला पैशाचा दहावा भाग. मी एवढ्या शिल्लकीवर रिटर्न भरत होते. मामांचा ठोकताळा असा: उणे ६७ च्या आत असलं तर व्हिडिओ कॉल बिनघोर, ८० च्या पलीकडं गेलं की जोडलेलं दिसतं पण काम होत नाही.

रिपीटरचं कोडंही तिथंच सुटलं. तो मी माडीवर लावला होता, जिथं मुळातच उणे ७९. मामा म्हणाले, "नळाला पाणीच येत नाही तिथं मोटर लावून काय उपयोग?" चौथ्या-पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या गल्लीत राहिलेल्या माणसाला याच्यापुढं काही सांगावं लागत नाही. तो निम्म्या वाटेत, पाणी अजून जोरात असेल तिथं लावायचा असतो. तरीही असले स्वस्त रिपीटर ऐकायचं आणि बोलायचं दोन्ही एकाच तोंडानं करतात, त्यामुळं वेग साधारण निम्मा होतोच. चार दांड्या दिसत होत्या त्या माझ्या आणि रिपीटरच्या मधल्या. रिपीटर आणि पेटीच्या मधल्या दांड्या बघायला कोण जातंय?

मेश संचाची गोष्ट काढली तर मामांनी सरळ सांगितलं की तुमच्या भिंतींत तेही एकमेकांना हवेतूनच हाका मारणार. जिथं वायर ओढताच येत नाही, भाड्याचं घर आहे, मालक खिळा मारू देत नाही, तिथं ते घ्यावं. तुमच्या घरात मागाच्या वायरिंगचं जुनं लोखंडी पाइप सोप्यापासून शेडपर्यंत गेलंय, त्याच्या कडेनं केबल नेऊ. माझे १३,००० त्यांनी नाकारले, तेही स्वतःच्या दुकानात तोच संच फळीवर असताना. मी तो पाहिला होता.

आणि मग त्यांनी फुकटातलं काम केलं. रुमाल काढला, पेटी कोनाड्यातून बाहेर घेतली आणि माजघराच्या दाराच्या चौकटीवर, सात फुटांवर, फळीला बसवली. फायबरची वायर आत वेटोळं करून ठेवलेली होतीच, तेवढी पुरली. वायर सरकवताना पोराला दम भरला, "मुरगाळू नको. काचेची तार ती, वाकवली की आतला उजेड सांडतो." परत मोबाइल बघितला. माजघर उणे ७१ वरून उणे ५८. स्वयंपाकघरातही चालायला लागलं. सासूबाई रुमाल हातात घेऊन उभ्या. "मग आता याला काय घालायचं?" लेक म्हणाली, "आजी, त्याला थंडी वाजत नाही, उलट गरम होतंय ते."

केबलचं काम "परवा" ठरलं. परवा कोणी आलं नाही. तेरवाही नाही. फोन उचलला तेव्हा मागून ढोल वाजत होता. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तोंडावर आलेली, आणि मामांच्या गल्लीच्या चित्ररथाचं लायटिंग त्यांच्याच गळ्यात. बेळगावात या कारणावर कोण काय बोलणार? पण आधीच सांगितलं असतं तर मी एका गिऱ्हाइकाला दिलेली वेळ बदलली असती. याचा एक गुण कापते.

आले ते शनिवारी सकाळी नऊला, आणि संध्याकाळी पाचपर्यंत काम केलं. पेटीपासून दोन केबल: एक बारा मीटर माडीवर, एक बावीस मीटर शेडमध्ये. दगडी भिंतीला भोक पाडायला ड्रिलची दोन पाती गेली. आत माती निघाली, आणि ती सगळी परड्यात वाळत घातलेल्या सांडग्यांवर. झाकायला कापड आणलं नव्हतं त्यांनी. सासूबाई पोराला जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. तासाभरानं त्यालाच जेवायला वाढलं हेही खरं.

केबलच्या टोकाला जॅक बसवायचं काम मी शेजारी बसून पाहिलं. वरचं आवरण सोलायचं, आत चार जोड्यांत पिळलेल्या आठ बारीक तारा. त्या सोडवून, सरळ करून, ठरलेल्या क्रमानं एकाशेजारी एक लावायच्या. पोरगा पाढे म्हटल्यासारखा पुटपुटत होता: ऑरेंज व्हाइट, ऑरेंज, ग्रीन व्हाइट, ब्लू, ब्लू व्हाइट, ग्रीन, ब्राउन व्हाइट, ब्राउन. मग कात्रीनं एकसारख्या कापून जॅकमध्ये सारायच्या आणि पकडीनं दाबायचं. शेवटी दोन्ही टोकांना टेस्टर लावायचा. एक ते आठ दिवे ओळीनं लागले पाहिजेत. माडीच्या केबलला लागले. शेडच्या केबलला सहानंतर एकदम आठ. सातवा नाही.

पोरगा म्हणाला, "चालतंय मामा, नेट येतंय." आणि येतही होतं. मामांनी मला समजावलं की १०० पर्यंतच्या वेगाला एक, दोन, तीन आणि सहा एवढ्याच तारा लागतात, सातवी मेली तरी आज कळणार नाही. पुढं कधी शेडमध्ये जास्त वेगाचा राउटर लावला की ही केबल १०० च्या वर जाणार नाही आणि तेव्हा वैनी आपल्या नावानं खडे फोडतील. "काप." जॅक कापून टाकला, नवा लावला. सहा, सात, आठ. १५ रुपयांचा जॅक आणि दहा मिनिटं. ज्या गिऱ्हाइकाला कधी कळलंच नसतं, तिच्यासाठी.

माडीवर नवा राउटर बसला, दोन्ही बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा. शेडसाठी त्यांनी विचारलं, जुना एखादा पडलाय का? फायबरच्या आधीच्या जोडणीचा राउटर कपाटावर होता. त्याचं जोडलेल्या प्रत्येक फोन-लॅपटॉपला नेटवरचे पत्ते वाटायचं काम बंद केलं, कारण घरात पत्ते वाटणारा एकच पाहिजे, नाहीतर गोंधळ होतो, आणि त्याला नुसतं वायफाय पसरायला लावलं. म्हणजे तिथं नवीन काही विकलं नाही. मात्र त्याची जोडणीची भोकंच १०० च्या मापाची आहेत, हेही न विचारता सांगितलं. तिन्ही ठिकाणी नाव आणि पासवर्ड एकच, त्यामुळं मोबाइल घेऊन घरात फिरताना तो जवळचं धरतो. बहुतेक वेळा. सासूबाईंचा जुना फोन परड्यातून परत आला तरी शेडलाच चिकटून राहतो. त्याला एकदा वायफाय बंद-चालू करावं लागतं.

मग चॅनेलचा विषय, टीव्हीचे नव्हेत, वायफाय ज्या पट्ट्यांवर चालतं ते. आमच्या बोळात घराला घर लागून. मामांच्या मोबाइलवर शेजारच्यांची चौदा नावं दिसली, जय शिवराय पासून आरसीबी पर्यंत. २.४ गिगाहर्ट्झवर आपल्याकडं तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. बोळातले बहुतेक सगळे ६ वर गर्दी करून बसलेले. आमची सोप्याची पेटी १ वर टाकली, माडीची ११ वर. टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घेतले. ते लांब जात नाही, भिंतीलाही दबकतं, पण एकाच खोलीत असलं तर वेग भरपूर आणि गर्दी कमी. यातून एक जुना घरगुती तंटा मिटला. मायक्रोवेव्ह लावला की सासूबाईंची मालिका अडकायची आणि त्या लेकीवर संशय घ्यायच्या, मुद्दाम करते म्हणून. मायक्रोवेव्हही त्याच २.४ च्या आसपास चालतो, आणि त्यातून थोडं बाहेर झिरपतं. लेकीनं त्यांच्याकडून सॉरी म्हणवून घेतलं.

सगळ्यात शेवटी पेटीला किती जण जोडलेत ते पाहिलं. एकोणीस. आमच्या घरात सगळं मोजलं तर नऊ. बाकीचे कोण? २०२० ला शाळा बंद पडल्या तेव्हा बोळातल्या पोरांच्या ऑनलाइन वर्गासाठी मीच पासवर्ड दिला होता, पुढं फायबर आलं तरी नाव आणि पासवर्ड तोच ठेवलेला. ती पोरं मोठी झाली, पासवर्ड तसाच राहिला, आणि आता रात्री आमच्या सोप्याबाहेरच्या कट्ट्यावर क्रिकेट बघत बसतात. नुसतं बघणं ठीक होतं. पण त्यातल्या कुणाचा फोन रात्री फोटो आणि व्हिडिओ वर चढवत बसला की सगळ्यांचंच अडतं. पासवर्ड बदलला. समोरच्या घरात एक मुलगी दहावीला आहे, तिला नवा दिला. कट्टा आता जरा ओस असतो.

निकाल असा: माडीवर ४ चे १८०. शेडमध्ये ९० च्या आसपास. मग मी प्लॅन परत १०० वर आणला. एका एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, सगळं घर एकाच वेळी बघत बसलं तरी १०० संपत नाही. आता माडीवर ९५ येतात. महिन्याला साडेतीनशे वाचले, म्हणजे साधारण बारा महिन्यांत सगळा खर्च फिटला. लेकीनं कुरकुर केली, की १०० चा प्लॅन आणि डाउनलोड १२ नंच होतंय, फसवतायत. तिला सांगितलं, तो आकडा मेगाबाइटचा आहे, प्लॅनचा मेगाबिटचा, आठानं गुण.

दहा दिवसांनी शेडमधलं नेट रोज सकाळी आठला जायला लागलं. दोन मिनिटांनी आपोआप यायचं. मामांना फोन केला, यावेळी त्याच दिवशी आले. आठला माग सुरू होतात. मोटर चालू होताना व्होल्टेज क्षणभर दबतं आणि त्याच लाइनवरचा राउटर बंद होऊन परत सुरू होतो. घरच्या लाइनवरून वेगळा पॉइंट काढला आणि १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, १,४०० चा. मजुरी घेतली नाही. "हे मी पहिल्या दिवशीच विचारायला पाहिजे होतं," म्हणाले. तसाच एक यूपीएस नंतर मी सोप्यातल्या पेटीलाही घेतला. वीज गेली तरी नेट दोन-तीन तास चालतं, आणि जून-जुलैत बेळगावात वीज किती वेळा जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको.

जुलैचा पाऊस ही खरी परीक्षा होती. आमच्या भिंती पाणी पितात, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त अडवते. सोप्यातून माजघरात चार-पाच आकडे घसरले खरे, पण माडीला आणि शेडला केबलनंच जात असल्यामुळं काही फरक पडला नाही. २० जुलैची ३बी मी माडीवर बसून भरली, बाहेर धो धो चालू असताना. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आता मांजर बसतं.

आता बिलाचं. मी जीएसटीची कामं करणारी बाई, आणि मला बिल म्हणून मिळाला सिगारेटच्या पाकिटाएवढा कागद, त्यावर "वायफाय काम ४२५०". मी म्हटलं, मामा, नोंदणी नसली तरी साधं बिल तरी द्या, राउटरच्या वॉरंटीला लागतं. "देतो की." दोन दिवसांनी पोरगा आणून देऊन गेला, शिक्का मारलेलं, अनुक्रमांक घातलेलं. द्यायचंच होतं तर पहिल्याच दिवशी का नाही? आणि पांढरी केबल काळ्या शिसवी तुळयांवरून नेलीय ती सोप्यात बसलं की डोळ्यांत खुपते. काळी किंवा तपकिरी मिळते, विचारायला हवं होतं, त्यांनीही आणि मीही. एकूण पाचपैकी चार.

टिळकवाडी-भाग्यनगरकडं नव्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट असेल तर मामांना बोलावू नका. पेटी टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यावर उंचावर ठेवा, जमिनीवर नको, आरशाशेजारी नको, फ्रिजवर नको. तेवढ्यानंच बहुतेक भागेल. जुनी घरं, वाडे, मागाची शेडं, पुढं दुकान आणि मागं घर असलेले लोक, यांनी जावं. खेड्यात फायबर आलेलं नसेल तर ते सिमवाला राउटर बसवून देतात. माझ्या माहेरचं विचारलं तर फोनवरच सांगितलं, की आधी मोबाइल घेऊन घरभर फिरा, रेंज सगळ्यात बरी जिथं, बहुतेक माडीची खिडकी, तिथं तो ठेवा. भावानं ठेवला, चालतोय. त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुकान सकाळी दहानंतर उघडतं, दुपारी दीड ते चार बंद. जाताना घराचा नकाशा कागदावर काढून न्या, भिंतींची जाडी लिहून. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, मंडपाच्या लायटिंगमुळं मिळायचे नाहीत. वाळवणं आत घ्या. आणि बिल त्याच दिवशी मागा.